चारा कथा शे?

बकऱ्यांचं नवं शेड उभारलेल्या माणसाची पाहुण्याकडून एवढीच अपेक्षा असते, की त्याने पत्र्याकडे मान वर करून बघावं, गव्हाणीवरून हात फिरवावा आणि "झकास केलंय हो," म्हणावं. जिभाऊ यातलं काहीही करत नाहीत. ते फाटकातून आत येतात, शेडकडे सरळ पाठ फिरवतात, बांधापलीकडच्या उघड्या रानाकडे डोळे बारीक करून बघतात आणि विचारतात, "चारा कथा शे?"

चारा कुठे आहे, या साध्या प्रश्नाने नरडाण्याच्या पंचक्रोशीतल्या किती होतकरू उद्योजकांचे चेहरे उतरले असतील, त्याची मोजदाद नाही. कारण चारा सोडून तिथे सगळं असतं. 'गोट फार्म' लिहिलेला फ्लेक्स असतो, फ्लेक्सवर नेटवरून उतरवलेला परदेशी बोकड असतो. फीत कापायला आलेल्या पुढाऱ्याने ठेवून दिलेली कात्री अजून खिडकीत असते. सीसीटीव्ही असतो. त्यात दिवसरात्र रिकामी गव्हाण दिसत असते.

हे जिभाऊ नेमके कोणते, ते विचारू नका. खान्देशात दर चार घरांमागे एक जिभाऊ निघतो. अमळनेरकडे हाच माणूस बापू असेल, शिरपूरला आप्पा. धोतर-टोपी किंवा पँट आणि वर बंडी, खिशात चष्म्याचं घर, डायरी आणि दोरीचा एक तुकडा, एवढ्यावरून ओळखायचा. तो दोरीचा तुकडा कशाला, हे अजून कोणाला कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "लागस."

शिंदखेडा तालुक्यातलं नरडाणा हे गाव या धंद्याला, म्हणजे फुकट सल्ला देण्याच्या धंद्याला, फार सोयीचं आहे. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन आहे, शेजारी एमआयडीसी आहे. म्हणजे गाव सोडून जायला वाटा भरपूर आणि परत यायलाही तेवढ्याच. जाणारे बहुतेक सुरतेला जातात. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून हिंडलात तर अहिराणी ऐकू आल्याशिवाय राहत नाही. परत येणारे आखाजीला येतात. बाहेरच्यांची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. निंबाला झोके, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि जेवणं उरकल्यावर ओट्यावर बसून एक तरुण बापाला सांगत असतो, की लूमवर उभं राहून पाय गेले, आता गावातच काहीतरी करू. हे 'काहीतरी' म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा बकऱ्या असतात. २०२०च्या टाळेबंदीत तर निम्मी सुरत परत आली नि 'काहीतरी'ला ऊत आला.

बाप म्हणतो, "जिभाऊंना विचार." झालं.

पहिल्या भेटीत जिभाऊ एकच सल्ला देतात, "नको घेऊ." पोरगा हिरमुसून जातो. आठवड्याने परत येतो, तेव्हा "नको घेऊ" याच्यापुढे कारणं येतात: उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, तालुक्यात टँकर लागतात, तापी एवढी जवळून वाहते पण तिचं पाणी तुझ्या बांधावर आलं का, लग्नाला जायचं झालं तर मागे बकऱ्या कोण बघणार? तिसऱ्यांदा आला तर मात्र जिभाऊ खाटेवर सरकून जागा करून देतात. "बठ." तीन वेळा हाकलूनही जो येतो त्याच्यात काही दम आहे, असा त्यांचा हिशेब. माझ्या मते ही पद्धत कोणत्याही बँकेच्या कर्जछाननीपेक्षा खात्रीची आहे. बँकवाले पहिल्या भेटीतच हो म्हणतात आणि तिसऱ्या भेटीला घरी येतात.

मग पोरगा प्रोजेक्ट रिपोर्ट काढतो. स्पायरल बायंडिंग केलेला, वर प्लॅस्टिक. जिभाऊ तो मागच्या पानापासून वाचायला घेतात, कारण नफा मागच्या पानावर असतो. वीस बकऱ्या, दोन वर्षांत तीन वेत, वेताला दोन करडं, त्यातल्या निम्म्या पाठी, त्या पाठींना पुन्हा करडं... चौथ्या वर्षी मालक लखपती. जिभाऊ चष्मा काढून पुसतात. "आनि मरतीन किती?"

रिपोर्टात मरतुक नसते, हे त्यांचं जुनं दुखणं. कागदावरची बकरी गाभडत नाही, तिला हगवण लागत नाही, लांडगा उचलत नाही, गल्लीतली कुत्री फाडत नाहीत. एका पोराने पाच वर्षांचा विक्रीचा तक्ता केला होता, त्यात 'बकरी ईद : जून' असं पाचही वर्षांसाठी लिहून टाकलेलं. जिभाऊंनी डायरी काढली. २०२३ साली ईद २९ जूनला होती, २०२४ला १७ जूनला, २०२५ला ७ जूनला. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. "तुना बोकड तयार व्हई तवलोंग ईद मे महिनामा जाई लागनी," ते म्हणाले. पोराने पेन काढून तिथल्या तिथे दुरुस्ती केली. जिभाऊ खूष झाले, पण तसं दिसू दिलं नाही. खूष झाल्याचं दिसू न देणं हा त्यांच्या शिकवणीचा निम्मा भाग आहे.

सरकारी योजना त्यांना तोंडपाठ आहेत, फक्त सांगण्याची रीत उलटी. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१पासून पाचशे बकऱ्या आणि पंचवीस बोकडांपर्यंतच्या प्रकल्पाला निम्मं अनुदान मिळतं, वरची मर्यादा ५० लाख. हे ऐकून पोरांचे डोळे चमकतात. जिभाऊंचं गणित पुढे सुरू होतं: एका बकरीला रोज तीन-चार किलो हिरवा चारा, तर पाचशेंना किती? दीड ते दोन टन. रोज. रविवारी पण. शिंदखेडा तालुक्यात, मे महिन्यात. "बरं," पोरगा म्हणतो, "मग दहा बकऱ्या आणि एक बोकड अशी पण राज्याची योजना आहे ना?" इथे पहिल्यांदा जिभाऊ मान डोलावतात.

व्याख्यानांतलं 'बकरी म्हणजे गरिबाची गाय' हे वाक्य त्यांना खपत नाही. प्रत्येक वक्ता याच वाक्याने सुरुवात करतो आणि दहाव्या मिनिटाला आठ लाखांच्या शेडचा नकाशा दाखवतो, ही त्यांची तक्रार. त्यांनी धंद्यातल्या लाटा येताना-जाताना पाहिल्या आहेत. ऑस्ट्रेलियातला इमू आला, त्याचं तेल सोन्याच्या भावाने जाणार होतं. २०१२च्या सुमारास तो धंदा बसला आणि लोक रात्री पक्षी सोडून देऊ लागले. झाबुआचा कडकनाथ आला. कोंबडा चांगला, त्याला २०१८मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण अंडी-पिल्लं परत विकत घेण्याचा वायदा करणारी योजना पुढच्याच वर्षी इस्लामपूरकडे कोसळली आणि राज्यभरचे शेतकरी हात चोळत बसले. आता दक्षिण आफ्रिकेतला बोअर आहे. "बोकड वाईट नई शे," जिभाऊ म्हणतात, "पन जो तुले इकी राहिना तो स्वतः काबं पाळत नई, ते इचार."

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा आहे आणि शिक्षणही. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवू लागतात आणि जिभाऊ मध्येच मोठ्याने बोलून सगळं नासवतात. बकरीचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून ते दात दाखवतात. खालच्या जबड्यात पुढे आठ दात. दुधाचे असले तर वर्षाच्या आतली, मधले दोन पडून मोठे आले तर दोन दाती, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपासची, मग चार दाती, सहा दाती, आठ भरले की जुळली. दात झिजून फटी पडलेली बकरी कितीही देखणी असली तरी ती म्हातारी. एकदा सुरतेहून आलेल्या एका भाच्याने स्वतःच बकरीचं तोंड उघडलं आणि ओरडला, "मामा, फसवताय! हिला वरचे दातच नाहीत!" बाजार थांबून हसला. वरच्या जबड्यात पुढे दात कोणत्याच बकरीला नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. जिभाऊ हसले नाहीत. त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "चांगलं करं. तोंड तं उघाडं ना." आजवर कोणालाही दिलेलं त्यांचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र हेच असावं.

घरी आणलेल्या नव्या बकऱ्या तीन आठवडे वेगळ्या बांधायच्या, जुन्यांत मिसळायच्या नाहीत. हा नियम ते इतक्या वेळा सांगतात की पोरं वैतागतात, आणि न पाळणारा हटकून एक निघतो. मग पीपीआर येतो. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण, आणि आठवडाभरात निम्मा कळप. पीपीआरची लस आहे, टोचली की तीनेक वर्षं चिंता नाही, दवाखान्यात मिळते. तरी राहते. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचायची तीही राहते, आणि पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर उपाशी बकऱ्या सोडल्या की संध्याकाळी धडधाकट करडं आडवी होतात. अशा वेळी जिभाऊ "मी सांगितलं होतं" म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं असतं, म्हणायची गरजच पडत नाही.

त्यांची रोजची फेरी सकाळी सहाला. मालक झोपलेला असला तर बरं, असं त्यांना वाटत असावं. ते आधी वाकून लेंड्या उचलतात, बोटांनी फोडतात, नाकाशी नेतात. सुट्या, कोरड्या, काळसर असल्या तर पुढे सरकतात. चिकटून गोळा झाल्या असतील तर मालकाला उठवतात. मग एकेकीच्या खालच्या पापणीची कड उलटून बघतात. आत लालभडक असलं तर ठीक, फिकट गुलाबी तर जंत, पांढरं पडलं असेल तर ती बकरी उभी दिसली तरी संपत आली आहे. पोटातला एक जंत रक्त पितो आणि ते आधी डोळ्यांत दिसतं. हे त्यांना आजीने शिकवलं. पुढे एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी पाच रंगांच्या पट्ट्यांचं एक कार्ड दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन नावाच्या पशुवैद्याच्या कल्पनेवरून ते तयार झालं, म्हणून त्याला फामाचा म्हणतात. जिभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आजीची विद्या आफ्रिकेहून छापून आली, याचा राग धरावा की अभिमान, ते ठरेना. शेवटी त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि बंडीच्या खिशात दोरीशेजारी ठेवलं. वापरत नाहीत. दाखवतात.

एवढं झाल्यावर त्याच हाताने चहाचा कप घेतात. यजमानीण पाण्याचा तांब्या पुढे करते, तेव्हा म्हणतात, "बकरी गवत खास, माय. घान मानूस करस." आणि मग हात धुतात.

यूट्यूबशी त्यांचं हाडवैर आहे. पोरांच्या तोंडी "पण त्या व्हिडिओत..." आलं की ते हात वर करतात. "त्या बकरीनी हाऊ व्हिडिओ दखेल नही शे ना भो!" गंमत अशी, की रात्री घरी नातवाच्या मोबाइलवर ते स्वतः तेच व्हिडिओ बघतात, नातवाला थांबवून-थांबवून चुका सांगतात, आणि एखादी नवी गोष्ट आवडली तर ती दुसऱ्या दिवशी आजीच्या नावावर खपवतात. अ‍ॅझोला ही पाण्यावर वाढणारी चाऱ्याची वनस्पती त्यांच्या आजीला माहीत असण्याची सुतराम शक्यता नव्हती.

पण जिभाऊ पाहायचे तर रात्री. थंडीतली रात्र, दोन वाजता फोन. पलीकडून रडवेला आवाज, "जिभाऊ, बकरीच्या मागून पिशवी लोंबते! ओढू का?"

"हात नको लावू. च्या ठेव. ई राहिनू मी."

पाचव्या मिनिटाला स्कूटरवर मफलर येतो, मफलरात जिभाऊ. पोराने हातमोजे चढवलेले, कपाळाला टॉर्च, मोबाइलवर व्हिडिओ उघडा. जिभाऊ टॉर्च बंद करायला लावतात, बारक्या दिव्याच्या उजेडात पोत्यावर बसतात, बकरीपासून चांगले सहा हात लांब. बकरी उठते, बसते, पायाने जमीन उकरते, मागे वळून बघते. पोरगा घायकुतीला येतो. जिभाऊ चहा पितात. पिशवी फुटते, पाणी सांडतं. "दख. दोन खुर दिसनात? त्यावर नाक दिसनं? मंग तुनं काही काम नही." पाच-सात मिनिटांत पहिलं करडू बाहेर पडतं, आणि बकरी वळून त्याला चाटू लागते. दुसरं मात्र मलूल येतं, श्वास धरत नाही. आता जिभाऊ उठतात, म्हणजे उठलेले दिसतच नाहीत, थेट करडाशी दिसतात. बोटाने नाकातोंडातला चिकटा काढतात, मागच्या पायांना धरून उलटं करतात, गोणपाटाने खसाखसा चोळतात. करडू शिंकतं. नाळेला टिंक्चर आयोडीन. मग चीक. पोरगा मापाचा कप शोधायला धावतो, तोवर जिभाऊंनी सडाची पहिली धार पिळून टाकलेली असते आणि करडाचं तोंड सडाला लावलेलं असतं. "शेपटीकडे दख," ते सांगतात. शेपटी थरथर हलू लागते. शेपटी हलली म्हणजे दूध पोटात चाललंय. नुसतं तोंड हललं तर फसवणूक. पहिल्या तासाभरात चीक गेला की निम्मी लढाई जिंकली. वार पडायला वेळ लागतो, तिला ओढायचं नाही, हे ते तीनदा सांगतात, कारण ते गेल्यावर पोरगा ओढणार हे त्यांना माहीत असतं.

त्यांच्यात दोष नाहीत असं नाही. दुसऱ्या गावच्या मार्गदर्शकाचं नाव निघालं की ते अंग आक्रसतात. 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून प्रशिक्षण घेऊन एक पशुसखी गावात लसी टोचू, जंताची औषधं पाजू लागली, तेव्हा त्यांनी महिनाभर तिला 'बाई' म्हणून टोमणे मारले. आता त्यांचा हात थरथरतो, सुई धरवत नाही. तिला फोन करून बोलावतात, बकरी स्वतः धरतात, आणि ती टोचत असताना तिला टोचायचं कसं ते शिकवतात. ती ऐकून घेते. तिच्या सासरचेही एक जिभाऊ आहेत.

२०२२च्या ऑगस्टात रावेर तालुक्यातून गुरांच्या लम्पी रोगाची साथ राज्यात पसरू लागली, तेव्हा या माणसाचा थट्टेचा स्वर गेला होता. ज्यांनी आयुष्यात त्यांचा सल्ला मागितला नाही त्यांच्याही गोठ्यांत ते गेले. गोचीड-माश्यांसाठी धूर कसा करायचा, आजारी जनावर वेगळं कुठे बांधायचं, दवाखान्यात कोणाला गाठायचं हे सांगत फिरले. गाईंना त्या वेळी बकऱ्यांच्या देवीची लस टोचली जात होती, कारण विषाणू एकाच कुळातले. साथ ओसरल्यावर गावातल्या मोठ्या गाईवाल्यांपुढे हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारलं, की आता त्यांनी तोंड उघडलं की गाईवालेच ते पुरं करतात: "हो जिभाऊ, गायले बकरीनीच वाचाडं."

त्यांच्या स्वतःच्या बकऱ्या किती, हा प्रश्न नवखा माणूस उशिरा विचारतो. तीन. त्यातली एक उस्मानाबादी, काळी, लाडाने इतकी बिघडलेली की पापणी उलटायला गेलं तर जिभाऊंनाच ढुशी देते. ते म्हणतात, "तिले गरज नही," आणि पुढच्या घरी जातात. काशीला ते गेले नाहीत. मथुरेजवळच्या मखदूमला, केंद्रीय बकरी संशोधन संस्थेत, गेले होते. तिथला गटाचा फोटो घरात देवघराशेजारी आहे. जिभाऊ त्यात मागच्या रांगेत आहेत आणि पुढच्या रांगेत बोकड आहे. पाहुण्यांना ते आधी बोकड दाखवतात.

तुमच्या डोक्यात बकऱ्यांचं घोळत असेल, तर पावसाळ्यात बांधाला शेवरी लावा, थोडी सुबाभूळ लावा, दिवाळीनंतर मेथीघास टाका, दादर ज्वारीचा कडबा आणि तूर-हरभऱ्याचं भुसकट भरून ठेवा. शेड त्यानंतर, फ्लेक्स सगळ्यात शेवटी. तुमच्या गावच्या जिभाऊंना फोन मात्र आजच करा. "नको घेऊ," म्हणतील. आणखी दोनदा करा.